घंटेमागची खुर्ची

१

प्रालोंग गावात लिफ्टच्या बाबतीत "शेवटची" हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना माणूस "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. तसंच हे. डोंगरासमोर शेवटचं म्हटलं की डोंगर ते खरं करून दाखवतो, असं तिथली जुनी माणसं सांगतात. नवी माणसं हसतात, पण म्हणत मात्र तीही नाहीत. दिवसातली सगळ्यात मागची जी खुर्ची असते, तिला प्रालोंगमध्ये म्हणतात "उद्याची". "उद्याची गेली का गं?" "अरे पळ, उद्याची सुटेल!" असलं बोलणं रोज संध्याकाळी कानावर पडतं.

देल्फिनाचं अख्खं आयुष्य या उद्याचीवर गेलं. प्रालोंगचं खोरं इकडं, वेल्मोऱ्याचं तिकडं, मध्ये बिझा खिंड. दोन्हीकडचे बर्फाचे उतार जोडणारी लिफ्ट एकच, आणि तीही म्हातारी. दोराला लटकलेल्या दोन-दोन माणसांच्या खुर्च्या वेल्मोऱ्यातून वर खिंडीत येतात, मोठ्या चाकाला वळसा घालतात आणि रिकाम्या खाली जातात. इकडून खिंडीत चढलं की स्की घसरवत तिकडं कुणीही जाईल. परत यायचं तर हीच लिफ्ट, नाहीतर रस्त्यानं सगळ्या डोंगराला वळसा. खिंडीतल्या केबिनमध्ये देल्फिना बसायची आणि वेल्मोऱ्याच्या पायथ्याला तिचा नवरा रेमिज्यो. एकाच दोराच्या दोन टोकांना नवराबायको. गावात थट्टा व्हायची, की यांचं भांडणसुद्धा खुर्चीवर बसून वर येतं, तोवर गार होतं.

संध्याकाळची रीत ठरलेली. फाटक लावायची वेळ झाली की रेमिज्यो शेवटच्या (बघा, माझ्याही तोंडून निघालंच) उद्याच्या खुर्चीला आपल्या आईच्या गाईची पितळी घंटा अडकवायचा आणि स्वतः तिच्यावर बसून वर यायचा. धुक्यात काही दिसो न दिसो, घंटा ऐकू आली की देल्फिनाला कळायचं, मागं कुणी नाही. ती खुर्चीसमोरची आडवी दांडी वर करायची, तो उतरायचा, ती लाल बटण दाबायची. मग तिला केबिन आवरायला, मोटरीवर घोंगडं टाकायला थांबावं लागे. हा बाबा स्की चढवून कुडकुडत उभा. "तू हो पुढे, मी आलेच," असं तिनं म्हटल्याशिवाय पाऊल हलवायचा नाही. म्हटलं रे म्हटलं की निघायचा, आणि ती घरी पोचेतो शेगडी पेटलेली असायची.

गेल्या जूनमध्ये, गवतकापणीच्या दिवसांत, रेमिज्यो गेला. जेवून जरा पडतो म्हणाला तो उठलाच नाही. देल्फिना तेव्हा वरच्या कुरणात होती. पुरताना तिनं त्याच्या हातात त्याचे स्कीचे हातमोजे घातले. पाद्रीबुवा म्हणाले, "अगं, भर जूनमध्ये हातमोजे?" ती म्हणाली, "त्याचे हात नेहमी गार असतात." डाव्या मोज्याच्या अंगठ्याला भोक पडलं होतं, ते तिनंच हाताला लागली त्या लाल लोकरीनं रफू केलेलं. त्या मोज्यानं तो जन्मभर तिच्यासाठी जागा धरत आला होता. चर्चमध्ये, जत्रेत, घरी शेगडीशेजारच्या बाकावर. लाल अंगठ्याचा मोजा ठेवलेला दिसला की तिथं कुणी बसत नसे, ती देल्फिनाची जागा.

२

पायथ्याला आता इव्हो आला. चाळिशीचा, दोन पोरींचा बाप, स्वभावानं गरीब. त्याचं घर वेल्मोऱ्यातच, त्याला वर यायचं कारण नव्हतं. तो घंटा रिकाम्या खुर्चीला अडकवायचा, वर फोन करायचा आणि फाटक लावून घरचा रस्ता धरायचा.

त्या हिवाळ्यातला पहिला मोठा बर्फ पडला त्या संध्याकाळची गोष्ट. दिवसभर भुरभुर चाललेली, सगळ्या खुर्च्यांवर गाद्या घातल्यासारखा बर्फ साचलेला. फोन वाजला. "मावशी, उद्याची सोडली हो," इव्हो म्हणाला. थोड्या वेळानं धुक्यातून घंटा आली, तिच्याखाली रिकामी खुर्ची आली. देल्फिनानं घंटा काढून घेतली आणि लाल बटणाकडे हात नेला.

हात तिथंच थांबला. मोटरीचा आवाज बरोबर नव्हता.

इतकी वर्षं ती मोटर तिच्या कानाशी गुणगुणत होती. दोर रिकामा असला की कसा सूर लागतो आणि माणूस बसला की तो कसा जरासा खाली उतरतो, हे तिला झोपेतही कळलं असतं. घंटा येऊन गेली होती, दोर रिकामा असायला हवा होता. पण सूर खाली होता. एका माणसाइतका.

तिनं बटण दाबलं नाही. एक खुर्ची आली, बर्फानं भरलेली, दांडी वर. दुसरी आली, तशीच. मग धुक्यातून आणखी एक आली, तिची दांडी खाली होती. कुणी बसलं की छातीसमोर ओढून घेतं, तशी. खुर्चीत कुणीही नव्हतं. उजव्या बाजूला टम्म बर्फ, आणि डावी बाजू कोरडी ठणठणीत.

रेमिज्यो डावीकडं बसायचा. उजवा गुडघा दुखरा म्हणून तो पाय मोकळा लागायचा त्याला.

खुर्ची देल्फिनासमोरून गेली, चाकाला वळली आणि खाली धुक्यात शिरली. देल्फिना नुसती बघत राहिली. मग भानावर येऊन तिनं बटण दाबलं, आणि सगळीकडं इतकं सामसूम झालं की बर्फ पडल्याचाही आवाज यावा.

३

आता देल्फिना काही भोळीभाबडी बाई नव्हती. मोटरीचा पट्टा बदलणारी, विजेच्या बोर्डात हात घालणारी बाई. घरी जाताना तिनं मनाची समजूत घातली. वारा असेल. कुणा उनाड पोरानं खाली दांडी ओढली असेल. खुर्ची खांबाला घासली, बर्फ एका बाजूनं झडला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय!

पण दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिनं इव्होला फोनवर सहज विचारल्यासारखं केलं.

"काय रे, उद्याची सोडल्यावर कुणी पोरंटोरं खुर्च्यांशी खेळतात का?"

पलीकडं फाटकाची कडी तेवढी खडखडली.

"इव्हो?"

"मावशी, घंटा लावली की मी फाटक लावतो आणि चालायला लागतो. मागं वळून बघत नाही."

"का रे?"

"एकदा बघितलं होतं," तो म्हणाला. "दांडी खाली येताना. पोरी लहान आहेत माझ्या, मला यातलं काही विचारू नका तुम्ही."

आणि फोन ठेवला की त्यानं.

त्यानंतर देल्फिनानं कुणाला काही विचारलं नाही. घंटा आली की लगेच लिफ्ट बंद करायचा नियम होता, तो ती मोडायला लागली. पाच-सहा खुर्च्या जास्त, एवढंच. ती खुर्ची यायची, डावी बाजू कोरडी, दांडी खाली, आणि चाकाला वळसा घालून जायची. पहिल्यांदा वाटलेली भीती हळूहळू ओसरली. खरं सांगायचं तर तिला बरं वाटायला लागलं. दुपार कलली की ती केबिनमधल्या आरशाच्या तुकड्यात केस नीट करायची. एकदा थर्मासमधली कॉफी दोन कपांत ओतली आणि स्वतःलाच म्हणाली, "वेडी झालीस की काय गं?" आणि दोन्ही कप तिनंच प्यायले.

बोलली मात्र नाही ती त्याच्याशी. बोललं आणि खुर्ची यायची थांबली तर? खुर्ची समोरून जायची तेवढा वेळ ती हाताची घडी घालून गप्प उभी राहायची आणि डोळे भरून बघायची. मग खुर्ची दिसेनाशी झाली की बटण दाबायची. दोरावर लटकत्या त्याला रात्रभर तसंच ठेवून आपण घरी जातो, या विचारानं तिला झोप लागेनाशी झाली.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती खुर्ची आली. उजवी बाजूही साफ होती. डावीकडच्यासारखी कोरडी नव्हती. तिथला बर्फ कुणीतरी हातानं झटकून काढला होता. चार बोटांचे ओरखडे आणि अंगठ्याचा एक, मोज्यातल्या हाताचे. दांडी आज वर होती.

जागा धरलेली.

इतके दिवस तिला वाटत होतं, तो यायला बघतोय. आज कळलं, तो न्यायला बघतोय. पाय आपसूक एक पाऊल पुढं गेले तिचे. खुर्ची अगदी गुडघ्यांजवळून गेली, बसायला दोन क्षण पुरले असते. तिनं दाराची चौकट घट्ट धरून ठेवली. खुर्ची रिकामीच वळून खाली गेली, तेव्हा देल्फिना रडत होती, आणि ते भीतीनं की जीव तुटून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

४

त्या संध्याकाळी घरी पोचली तर दारात एक मुलगी बसलेली. पाठीवर पिशवी, बाजूला स्की, नाक थंडीनं लाल.

"देल्फिनाकाकू ना? तंबाखूच्या दुकानातल्या आजोबांनी पाठवलं. म्हणाले, हॉटेलात मरायला जाऊ नकोस, देल्फिनाकडे जा, ती जेवायला घालते."

मुलीचं नाव नोएमी. तोरिनो शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवायची, आणि सुट्टी लागली की नकाशावर कुणाला माहीत नसलेली डोंगरातली ठिकाणं शोधत हिंडायची. मोठ्या ठिकाणी स्कीपेक्षा रांगेतच जास्त वेळ उभं राहावं लागतं, असं तिचं म्हणणं.

"दोन खोरी, एक खिंड, जोडणारी एकच लिफ्ट, आणि हे कुणालाच ठाऊक नाही!" बार्लीचं सूप ओरपत ती म्हणाली. "काकू, तुम्ही लोक जाहिरात का नाही करत?"

"केली तर तुझ्यासारख्या शंभर येतील. सूप कोण करणार?"

"बरं, पलीकडं राहायला काय आहे? वेल्मोऱ्यात?"

"आहेत की खोल्या. पण गाद्या बघून घे, ढेकणांनाही पाठदुखी होते तिथं."

नोएमी खदखदून हसली. घरात कुणाचं हसणं ऐकून देल्फिनाला किती महिने झाले होते! मक्याचा पोलेंटा वाढताना तिनं चीजचा मोठा तुकडा घातला. मग जेवण झाल्यावर मुलगी शेगडीशेजारच्या बाकाकडे गेली आणि खिडकीच्या बाजूला टेकणार, तोच देल्फिना ओरडली, "तिथं नको!"

मुलगी दचकून उभी राहिली.

"माझी जागा आहे ती," देल्फिना ओशाळून म्हणाली. "सवयीनं ओरडले बाई. खुर्ची घे ना."

अंथरुणावर पडल्या पडल्या तिनं ठरवून टाकलं. उद्या घंटा आली की लगेच बटण दाबायचं. नियम नियमासाठीच असतो. खाली धुक्यात काय आहे ते तिथंच राहू दे, बघायचंच नाही. कारण पुन्हा ती धरलेली जागा समोर आली, तर दाराची चौकट आपल्याला किती वेळ धरून ठेवेल याची तिला खात्री नव्हती. वर पोटमाळ्यावर मुलगी कसलंसं गाणं गुणगुणत होती.

५

सकाळी नोएमी निघाली ती वेल्मोऱ्याचे उतार पालथे घालायला. देल्फिनाबरोबरच खिंडीत आली. ऊन पडलं होतं, आभाळ निळंशार.

"जपून जा," देल्फिना म्हणाली. "आणि उद्याची चुकवू नकोस हं! काही झालं तरी उद्याची चुकवायची नाही."

"नाही चुकवणार," मुलगी म्हणाली आणि भुर्रकन खाली गेली.

बोलणाऱ्या बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिच्या आईनं तिला असंच सांगितलं होतं, आणि तिच्या आईला तिच्या आईनं. तोरिनोच्या मुलीला "उद्याची" म्हणजे उद्याची, एवढंच कळणार, हे तिच्या डोक्यातही आलं नाही. आजचा दिवस मोकळा, असं समजून गेली पोर.

दुपारनंतर हवा फिरली. वेल्मोऱ्याकडून धुकं चढलं, मग बर्फ सुरू झाला, बारीक आणि तिरपा. माणसं परतायला लागली. देल्फिना एकेकाची दांडी वर करत होती आणि तोंड बघत होती. नोएमी नव्हती. गर्दी पातळ झाली, मग थांबलीच. फोन वाजला.

"मावशी, उद्याची सोडली."

"थांब थांब! निळ्या टोपीतली मुलगी आली होती का तिथं? माझी पाहुणी आहे."

"आता कुणी नाही इथं. मी सगळीकडं हाका मारल्या. राहिली असेल वेल्मोऱ्यात, शहरातली माणसं राहतात की ऐनवेळी. बरं, निघतो मी."

"अरे जरा बघ ना परत..."

फोन बंद झालेला. तिनं मुलीचा नंबर लावला, तो वाजत राहिला. राहिली असेल. चांगलं गरम सूप पीत असेल कुठंतरी. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही, असं म्हणत देल्फिनानं फोन खिशात टाकला.

धुक्यातून घंटा आली.

६

रिकामी खुर्ची, तिच्यावर घंटा. देल्फिनानं घंटा काढून घेतली आणि बटणावर बोट ठेवलं. ठरवलं होतं ना? मग दाब.

मोटरीचा सूर खाली होता. एका माणसाइतका नव्हे, त्याहून खाली. दोघांइतका.

आज तो एकटा नाही, म्हणजे तिच्यासाठी धरलेल्या जागेवर कुणीतरी बसलंय. कोण? एक वेडा विचार तिच्या मनात आला, की आपणच. केबिनच्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला, आणि तो तिथं आहे ना, हे बघायला तिनं गालाला हात लावला. दाब बटण, बाई. समोर येण्याआधी दाब. धुक्यात लटकेल ते, सकाळपर्यंत काही उरणार नाही.

पण बोट दाबेना. या वाऱ्यात, या गारठ्यात त्याला वाटेत थांबवायचं? हात नेहमी गार असतात त्याचे.

"ये बाबा," ती म्हणाली. "काय असेल ते होऊ दे. ये."

एक खुर्ची आली, बर्फानं भरलेली. आणखी एक आली. मग धुक्यात काळसर काहीतरी दिसलं, आणि बोलण्याचा आवाज आला. कुणीतरी बोलत होतं, हळू, अडखळत, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं.

"...आणि आमच्या शाळेतली मुलं ना, त्यांना नदी कुठून निघते तेच माहीत नसतं..."

दांडी खाली. उजव्या बाजूला निळी टोपी, पापण्यांवर बर्फ, ओठ निळे पडलेले. नोएमी. डावीकडं कुणी नव्हतं, आणि ती बाजू कोरडी होती. मुलगी डावीकडं तोंड करून बोलत होती. तिच्या अंगाच्या डाव्या बाजूला बर्फाचा कण नव्हता. वारा तिकडूनच येत होता.

देल्फिनानं धावत जाऊन दांडी वर केली, मुलीला काखेत धरून ओढून घेतलं. दोघी बर्फात पडल्या.

"अगं बये! अगं माझ्या बये! कुठं होतीस?"

"उद्याची चुकवायची नाही म्हणालात," नोएमीचे दात वाजत होते. "मी म्हटलं, उद्या ना... खाली कुणीच नव्हतं काकू. फाटक बंद. पण खुर्च्या चालू होत्या, म्हणून फाटकावरून उडी मारली आणि... ते काका बसले होते. त्यांनी जागेवरून मोजा उचलला."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. दांडी ओढली फक्त. मी बडबडत होते, झोप येऊ नये म्हणून. ते हातांवर फुंकर घालत होते." मुलीनं मान वळवली. "ते उतरले नाहीत?"

देल्फिनानं वर बघितलं. खुर्ची मोठ्या चाकाला वळसा घालत होती, सावकाश. डावी बाजू किंचित खाली झुकलेली, उजवी मोकळी. दांडी वरच होती. तिथं, डावीकडं, पडत्या बर्फात एक जागा अशी होती की जिथं बर्फ पडत नव्हता. खांद्याएवढी, वाकलेल्या मानेएवढी. वाट बघणाऱ्या माणसाची मान असते तशी.

तिला जायचं होतं. खोटं कशाला बोला? मांडीवर थरथरणारं ते पोर नसतं, तर चार पावलं होती फक्त. देल्फिनानं मुलीला छातीशी घट्ट धरलं, तिच्या पाठीवर जोरात हात चोळला, आणि जूनपासून जे म्हणायचं राहून गेलं होतं ते तिच्या तोंडून निघालं, अगदी रोजच्यासारखं, थोडं वैतागूनच.

"तू हो पुढे. मी आलेच."

खुर्ची चाकावरून सुटताना एकदा डुलली, कुणी उतरल्यावर डुलते तशी. आणि मोटरीचा सूर वर चढला. रिकाम्या दोराचा सूर, जो तिनं सबंध हिवाळाभर ऐकला नव्हता.

तिनं बटण दाबलं.

७

मुलीला थर्मासमधली गरम कॉफी पाजून, मोटरीवरचं घोंगडं तिच्या अंगाला गुंडाळून, देल्फिना तिला पाठीशी धरून हळूहळू उतारानं खाली घेऊन आली. अजून थोडा उजेड होता. उतारावर ताजा बर्फ होता, त्यावर एकही रेघ नव्हती, हे तिनं बघून घेतलं. लार्चच्या झाडांपाशी वळण येतं तिथं मात्र तिला पुढं कुठंतरी स्कीचा आवाज आल्यासारखा वाटला. वाराही असेल.

गावाजवळ आल्यावर नोएमी म्हणाली, "काकू, घरात कोण आहे?"

धुराड्यातून धूर निघत होता. खिडकी पिवळी दिसत होती.

दाराला कुलूप होतं, सकाळी तिनंच लावलेलं. किल्ली तिच्या गळ्यात होती. तिनं कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. शेगडी धडाडून पेटलेली, वरच्या पातेल्यात सूप गरम होत असलेलं. आणि शेगडीशेजारच्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक हातमोजा ठेवलेला. डाव्या हाताचा, अंगठा लाल लोकरीनं रफू केलेला. ओला होता, त्याच्याखाली लाकडावर बर्फाच्या पाण्याचा डाग पसरला होता. त्याला ओल्या मातीचा वास येत होता.

देल्फिना बराच वेळ त्याच्याकडं बघत उभी राहिली. मुलगी दारातच भिंतीला टेकून थरथरत होती, आणि तिनंही तो पाहिला होता.

मग देल्फिनानं मोजा उचलला. पिळला. शेगडीवरच्या दोरीवर वाळत घातला, अंगठा खाली करून, त्याला आवडायचा तसा. बाकावरचं पाणी पदरासारख्या आपल्या एप्रनच्या टोकानं पुसलं आणि मुलीला हात धरून आत आणलं.

"बस इथं."

"इथं? पण ही तर तुमची जागा ना काकू?"

"माझीच आहे," देल्फिना म्हणाली आणि सूप ढवळायला वळली. "पण मला अजून वेळ आहे. बस तू."